सायीच्या रंगाची बॅग

पार्सल खालच्या घड्याळदुरुस्तीवाल्या घड्याळजींनी घेतलं होतं. ताईच्या चामडंदुरुस्तीच्या दुकानाचा जिना अरुंद आणि कुरिअरवाल्याचे गुडघे नाजूक, त्यामुळे वरची सगळी पार्सलं घड्याळजींच्या काउंटरवरच उतरत. वर आणून देताना ते प्रत्येक पार्सल हातावर तोलत आणि आत काय असेल याचा अंदाज बांधत. दहातले सात अंदाज बरोबर यायचे, त्यामुळे त्यांना बोलायला आणखीच जोर चढायचा.

"लेडीज बॅग. मध्यम आकाराची," ते म्हणाले. "आणि पाठवणाऱ्या बाईनं गाठी अशा मारल्यात की सोडवायला वकील लागेल."

ताईनं पार्सल टेबलावर ठेवलं, कात्री उचलली आणि हात तसाच थांबला. दुहेरी गाठ, वर एक उलटी आणि टोकं आत खोचलेली. बुटाची नाडी अशी बांधायला तिनंच एका मुलीला शिकवलं होतं, कारण त्या मुलीची नाडी शाळेच्या वाटेवर चारदा सुटायची. कात्री बाजूला ठेवून ताईनं नखांनी गाठ सोडवली.

आत मऊ कापडात गुंडाळलेली बॅग होती, आणि दुकानाच्या वेबसाइटवरचा फॉर्म छापून, भरून सोबत ठेवलेला होता. कोणत्याही गिऱ्हाइकानं भरावा तसा. वस्तू: हँडबॅग, चामडं. तक्रार: रंग बदलला आहे, डाग पडले आहेत. घाई आहे का: नाही. खाली नाव आणि फोन नंबर.

ते नाव ताईनं कधी तोंडानं घेतलंच नव्हतं. तिच्यासाठी ती ठमी होती. लहानपणी गुबगुबीत होती म्हणून ठमी. ताईपेक्षा नऊ वर्षांनी लहान. आई गेली तेव्हा ठमी सात वर्षांची होती आणि ताई सोळाची, आणि त्या दिवसापासून ठमीच्या वेण्या, डबे, ताप, परीक्षा सगळं ताईच्या अंगावर आलं. ते तिला कधी ओझं वाटलं नाही, असं म्हटलं तर खोटं होईल. पण ठमी शाळेतून येऊन जिन्यातूनच "ताई!" अशी हाक मारायची, तेव्हा ते ओझं कुठल्या कुठे जायचं. पुढे शेजारपाजारचेही तिला ताई म्हणू लागले, मग गिऱ्हाइकं. आता पन्नाशी ओलांडलेल्या या बाईचं खरं नाव फक्त लाइटच्या बिलावर उरलं होतं.

आणि ही बॅग ताईनंच घेतलेली. तेव्हा ती एका मोठ्या कंपनीच्या शोरूममध्ये दुरुस्तीच्या टेबलावर कामाला होती. श्रीमंत बायकांच्या बॅगांचे बंद शिवायचे, कडा रंगवायच्या. ठमीचं लग्न ठरलं, नवऱ्याची नोकरी दोन दिवसांच्या प्रवासावरच्या शहरात. ताईनं स्वतःसाठी आयुष्यात एवढी महाग वस्तू घेतली नव्हती, पण ही घेतली. "तिथं तुला कुणी ओळखत नाही," ती ठमीला म्हणाली होती. "ही खांद्याला असली की माणसं नीट बोलतील." ठमी हसली होती, आणि मग गाडी सुटेपर्यंत रडली होती.

त्यानंतर ती दोनदा आली. मग बाबा अंथरुणाला खिळले. ताईनं शोरूमची नोकरी सोडली, राहत्या घराजवळ हे दोन खोल्यांचं दुकान थाटलं आणि बाबांचं केलं. दोन वर्षं. शेवटच्या आठवड्यात तिनं ठमीला रोज फोन केला. ठमी म्हणायची, "बघते, ताई. येते." आली नाही. बाबा गेल्यावरही आली नाही. चौथ्या दिवशी तिचा फोन आला, तेव्हा ताई इतकी दमलेली आणि इतकी भरलेली होती की तिच्या तोंडून निघून गेलं, "तू मोकळी झालीस. आता यायची गरज नाही."

पलीकडे कुठलं तरी दार वाजलं. मग ठमी म्हणाली, "बरं."

त्या "बरं"ला नऊ वर्षं झाली होती. आधी ताई रागानं फोन करायची नाही, मग लाजेनं, आणि मग कोणत्या तोंडानं करायचा ते कळेना म्हणून.

तिनं बॅग खिडकीशी नेली. उत्तरेचा उजेड, न भडकणारा. काम बघायला तोच चांगला.

बॅगेची अवस्था वाईट होती. मुळात दुधावरच्या सायीचा रंग, तो जुन्या कागदासारखा पिवळट झालेला. दांड्यावर हाताच्या तेलाचा काळपट थर. पाठीमागे कंबरेच्या उंचीवर जीन्सचा निळा रंग उतरलेला. तळाशी पाण्याची रेघ. हे सगळं ताईनं हजारदा पाहिलेलं. पण झाकणाच्या उजव्या कोपऱ्यावर, बटण लावताना बोटं जिथं टेकतात तिथं, वेगळंच होतं. रंग नुसता मळला नव्हता, खाल्ला गेला होता. पांढुरके, खरखरीत ठिपके, एकावर एक.

तिनं चष्मा पुसला आणि पुन्हा पाहिलं. मग बॅग खाली ठेवली आणि फॉर्मवरचा नंबर फिरवला. काय बोलायचं ते ठरवलं नव्हतं. फोन उचलला गेल्यावर तोंडातून सवयीचंच बाहेर पडलं.

"नमस्कार. तुमची बॅग मिळाली. चामडं दुरुस्तीच्या दुकानातून बोलतेय."

"हो," पलीकडून आवाज आला. जरा जाड झालेला, पण तोच. "मिळाली का? बरं झालं."

"आधी साफ करावी लागेल. मग रंग. पूर्ण रंगवायची की नुसते डाग घालवायचे, ते तुम्ही सांगा."

"तुम्हाला काय वाटतं?"

"पूर्ण रंगवलेली बरी."

"मग तसंच करा."

"वेळ लागेल."

"लागू दे," ठमी म्हणाली. मग तिनं विचारलं, "तुमचे गुडघे कसे आहेत?"

"दुखतात. जिना आहे ना," ताई म्हणाली, आणि फोन ठेवल्यावर बराच वेळ स्टुलावर बसून राहिली.

दुसऱ्या दिवसापासून तिनं काम हातात घेतलं. मऊ ब्रशनं शिवणींमधली धूळ झाडली. झाकणाच्या आतल्या बाजूला, जिथं कुणाची नजर जात नाही तिथं, साफ करायचा फेस आधी लावून पाहिला. मग तळहाताएवढा भाग घेऊन फेस लावायचा, गोल फिरवायचा, ओलसर फडक्यानं टिपायचा. फडकी पिवळी होत गेली, मग तपकिरी. दांड्याला तिनं खडूच्या बारीक भुकटीचा जाड लेप दिला आणि वर कापड गुंडाळलं. भुकटी तेल ओढून घेते. सकाळी लेप उतरवला तेव्हा तो लोण्यासारखा पिवळा झाला होता आणि दांडा दोन छटांनी उजळला होता. असे तिनं चार लेप दिले.

रंगाचा प्रश्न आला तेव्हा तिनं पुन्हा फोन केला. खरं म्हणजे तिला विचारायची गरज नव्हती. झाकणाखाली मूळ रंग शाबूत होता.

"रंग कसा होता, आठवतंय का?" तिनं विचारलं.

"पांढरा होता."

"पांढरा कसला? सायीसारखा होता."

"अहो, पांढराच होता. त्या दिवशी मी निळा ड्रेस घातला होता, त्याच्यावर उठून दिसत होता."

"निळा कुठला, हिरवा होता. मी इस्त्री केलेली. मला शिकवतेस?"

आणि मग दोघींच्याही लक्षात आलं, "तुम्ही" कुठेतरी गळून पडलं होतं.

"फोटो आहे माझ्याकडे," ठमी हळूच म्हणाली. "पाठवते."

फोटो आला. गाडीच्या डब्याचं दार, मधे नवी नवरी ठमी, एका बाजूला बाबा, दुसऱ्या बाजूला ताई. ड्रेस हिरवा. बॅग ठमीच्या खांद्याला आणि तिचा पट्टा ताईच्या मुठीत. ताई जणू तो सरळ करत होती. आपण तेव्हा तो पट्टा धरून उभ्या होतो हे तिला आठवतच नव्हतं.

त्यानंतर फोन दर दोन-तीन दिवसांनी होऊ लागले. निमित्त बॅगेचं. निळे डाग निघाले का? निघतायत, थोडे खोल आहेत. कडा रंगवणार का? हो, त्याशिवाय कशा दिसतील? आणि मग निमित्त संपल्यावर इकडचं तिकडचं. ठमीला एका शाळेच्या ग्रंथालयात नोकरी लागली होती, पुढच्या महिन्यापासून. नवरा अजून घोरतो. म्हणाली, "आता तर सुरात घोरतो, तो गावाला गेला की मलाच झोप येत नाही." ताई पोटभर हसली. नऊ वर्षांत कुणी तिला असं हसवलं नव्हतं. घड्याळजी बोलत पुष्कळ, पण ते वेगळं.

पण त्या पांढऱ्या ठिपक्यांबद्दल तिनं विचारलं नव्हतं. रोज तिची नजर तिथं जायची. असे ठिपके तिनं एका नर्सच्या पर्सवर पाहिले होते. हाताला चोळायच्या दवाखान्यातल्या औषधानं असं होतं. हात ओले असतानाच बॅगेला लागले की ते औषध चामड्याचा रंग खातं. एकदा नाही, दिवसातून दहादा, कित्येक दिवस. आणि त्या ठिपक्यांच्या खरखरीत खाचांमध्ये धूळ इतकी मुरली होती की साफ करूनही ती पुरती निघाली नव्हती. म्हणजे ठिपके बरेच जुने.

शेवटी काम तिथवर येऊन ठेपलं. खाल्लेली जागा बारीक कागदानं घासून, भरून, मग रंगवावी लागणार होती. तिनं दुपारी फोन केला.

"ठमे, झाकणावर डाग आहेत. सॅनिटायझरचे. कुणाचं आजारपण होतं?"

पलीकडे भांड्यांचा आवाज येत होता, तो थांबला.

"तू गिऱ्हाइकांना असं विचारतेस?"

"नाही."

पलीकडे खुर्ची सरकवल्याचा आवाज आला.

"मुलगी होती," ठमी म्हणाली. "सातव्या महिन्यात झाली. एवढीशी. काचेच्या पेटीत ठेवली होती. आत जायचं तर दर वेळी हात चोळून जावं लागायचं."

"कधी?"

"बाबा गेले त्याच्या आधी पाच दिवस."

ताईनं हातातला घासायचा कागद टेबलावर ठेवला.

"आधी दोनदा दिवस राहून पोटातच गेलं होतं, म्हणून कुणालाच सांगितलं नव्हतं. म्हटलं, सगळं नीट झालं की सांगू. तू रोज फोन करायचीस, बाबांचं सांगायचीस. तुझा आवाजच असा असायचा की... त्यात आणखी हे कुठे टाकू? म्हटलं, येते. मला खरंच वाटायचं, उद्या बरं होईल आणि मी निघेन."

"आणि मी तुला म्हणाले..."

"तेव्हा मी वॉर्डाच्या दाराशी उभी होते. बोलता बोलताच डॉक्टरांनी आत बोलावलं. एका हातानं फोन धरला होता. म्हणून नुसतं बरं म्हणाले. मला आत जायचं होतं, ताई."

"किती दिवस होती?"

"एकवीस."

"नाव ठेवलं होतं?"

"हो," ठमी म्हणाली, आणि ते नाव तिनं सांगितलं. आईचं नाव होतं.

ताईनं त्या दिवशी दुकान लवकर बंद केलं. दुसऱ्या दिवशी उघडलं, पण बॅगेला हात लावला नाही. नऊ वर्षं ती ठमीच्या "बरं"ला मनातल्या मनात उत्तरं देत आली होती. कधी टोचून, कधी रडून. आणि त्या "बरं"च्या पलीकडे दाराशी एक बाई हात ओले करून उभी होती. त्या बाईला लहानपणी ताप आला की ताई रात्रभर तिच्या पायांना तेल चोळायची. आणि तिच्या लेकीला ताईनं पाहिलंसुद्धा नव्हतं. तिला राहून राहून वाटायचं, एकदा तरी बोट लावलं असतं. काचेबाहेरून का होईना.

तिसऱ्या दिवशी तिनं फोन केला. "मी त्या जागेला हात लावलेला नाही. तुला ती तशीच ठेवायची असेल तर तसं सांग. बाकी बॅग करते, तेवढी सोडते."

"नको गं," ठमी लगेच म्हणाली. "काढून टाक. ती मला रोज आठवते, त्यासाठी डाग कशाला हवा? मला बॅग वापरायचीय. तू दिलेली बॅग नऊ वर्षं कपाटात कोंबून ठेवली मी. आता कामाला जाताना घेऊन जाईन म्हणते."

मग ताईनं तो कोपरा घासला. सगळ्यात बारीक कागदानं, श्वास रोखून, जणू खाली दुखणारं काही आहे. भराव घातला, सुकवला, पुन्हा घासला. वाटीत पांढरा रंग घेतला, त्यात पिवळ्याचे चार थेंब, तपकिरीचा एक आणि सुईच्या टोकावर मावेल एवढा काळा. झाकणाखालच्या तुकड्याशी ताडून पाहिलं. पाच वेळा ओतून दिलं. सहाव्यांदा रंग जुळला. बक्कल आणि बटणांवर पट्टी चिकटवून तिनं पिचकारीनं पातळ थर दिले, एक सुकला की दुसरा. वर झळाळी नसलेलं संरक्षक पॉलिश. कडांना ब्रशनं दोन हात.

एका शुक्रवारी बॅग झाली. खिडकीतून येणाऱ्या उजेडात तिनं ती फिरवून फिरवून पाहिली. तिच्या हातून इतकं चांगलं काम आजवर झालं नव्हतं.

संध्याकाळी ठमीनं विचारलं, "झाली?"

"अजून एक हात बाकी आहे," ताई म्हणाली.

पुढच्या मंगळवारी ती म्हणाली, "रंग पक्का होतोय." त्याच्या पुढच्या आठवड्यातही रंग पक्काच होत होता. बॅग फळीवर पांढऱ्या कापडाखाली बसून होती आणि ताई तिच्याकडे बघायचं टाळत होती. बॅग गेली की फोनही जातील, असं तिच्या मनानं घेतलं होतं. फोन नव्हते तेव्हा ती त्यांच्याशिवाय जगली होती. आता मात्र फोनाशिवाय एक आठवडाही तिला नकोसा वाटत होता.

घड्याळजी एक पार्सल घेऊन वर आले, त्यांची नजर फळीवर गेली. "ही अजून इथंच?"

"रंग पक्का होतोय."

"आमच्या घराची अख्खी भिंत दोन दिवसांत सुकली," ते म्हणाले. ताईनं त्यांच्याकडे असं पाहिलं की ते पार्सल ठेवून मुकाट्यानं खाली गेले.

शेवटी ठमीनंच पकडलं. "ताई, मी वाचलं. असा रंग पक्का व्हायला फार तर आठवडा लागतो."

"कुणी लिहिलं? त्यानं कधी ब्रश धरलाय?"

"माझी नोकरी सोमवारी सुरू होतेय, ताई."

त्यापुढे बोलण्यासारखं काही नव्हतं. ताईनं बॅगेत कागदाचे बोळे भरले, ती मऊ कापडात गुंडाळली, खोक्यात ठेवली आणि दोरीनं बांधली. कुरिअरवाल्यानं घड्याळजींच्या काउंटरवरून खोकं उचललं, तेव्हा ती जिन्याच्या तिसऱ्या पायरीवर उभी होती. तो वळणावरून दिसेनासा झाल्यावरही तिथंच होती.

शनिवारी दोन शब्दांचा निरोप आला. "मिळाली. सुंदर."

मग काहीच नाही. रविवार गेला, सोमवार गेला. ताई स्वतःला समजावत होती, नवी नोकरी आहे, दमत असेल. बुधवारी तिनं फोन दोनदा हातात घेऊन खाली ठेवला. काय म्हणून करायचा? बॅग कशी आहे म्हणून? सुंदर आहे असं तिनं सांगितलं होतं. गुरुवारी एका बाईच्या पर्सची चेन तिनं उलटी बसवली आणि उसवून पुन्हा बसवली. तीस वर्षांत असं झालं नव्हतं.

फोन पुढच्या सोमवारी आला, ऐन कामाच्या वेळी. एक गिऱ्हाईक बूट हातात घेऊन समोर उभं होतं.

"थांबा जरा," ताई त्याला म्हणाली आणि आतल्या खोलीत गेली.

"ताई," ठमी म्हणाली, "मी रोज फोन उचलत होते आणि ठेवत होते. काय सांगायला करू तेच कळेना. बॅग तर झाली."

"मग?"

"काही कारणच उरलं नाही."

"अगं, तुला मला फोन करायला कारण लागतं?" असं ताई म्हणाली खरी, पण गेले नऊ दिवस ती स्वतःही कारणच शोधत होती.

ठमी म्हणाली, "परीक्षा संपल्या की शाळेला सुट्टी असते. अडीच महिने आहेत अजून. दहा दिवस मिळतील. यायचं का मी?"

ताई भिंतीला टेकली. नऊ वर्षांत तिनं या क्षणासाठी केवढी भाषणं तयार केली होती. त्यातलं एकही वाक्य आता जवळ नव्हतं.

"मी तुला येऊ नको म्हणाले होते," ती म्हणाली. "ते चुकलं माझं. ये. लवकर मिळत असेल तर लवकर ये. नाही तर अडीच महिन्यांनी ये, मी आहे."

बाहेर गिऱ्हाईक खाकरलं. ठमीला ते ऐकू गेलं असावं. "जा तू," ती नाक ओढत म्हणाली. "माणसं खोळंबलीत."

ताईनं बूट घेतला, त्याची टाच पाहिली आणि गिऱ्हाइकानं दोनदा सांगूनही काय बिघडलंय ते तिला कळलं नाही.

त्या संध्याकाळी घरी जाऊन तिनं बाबांची खोली उघडली. इतक्या वर्षांत तिथं चामड्याच्या गुंडाळ्या आणि रंगाचे रिकामे डबे साठले होते. ते तिनं एकेक करून बाहेर काढले. खिडकी घट्ट बसली होती, ती ढकलून उघडली. पलंगावर बसून गादी दाबून पाहिली. मधेच दबलेली होती, बदलायला हवी. अडीच महिने म्हणजे केवढा काळ. तिला एकदम ते दिवस खूप वाटले, आणि तिनं फोन लावला.

"काय गं?" ठमी घाबरून म्हणाली. "काय झालं?"

"काही नाही," ताई म्हणाली. "असाच केला."